हरगिला : एका नावाचा इतिहास

नाव कोणी ठेवले, कोणत्या नजरेने ठेवले आणि ते कोणाला वाहावे लागले, हे तीन प्रश्न आम्ही इतिहासाच्या तासाला विद्यार्थ्यांपुढे नेहमी ठेवतो. आसामातील एका पक्ष्याचे नाव या दृष्टीने फार बोलके आहे.

करकोच्याच्या कुळातील हा पक्षी सुमारे पाच फूट उंच असतो. डोके व मान जवळजवळ उघडी, चोच पाचरीसारखी जाड, गळ्याशी लोंबती पिशवी. मेलेली जनावरे, हाडे आणि उकिरड्यावरचे टाकाऊ अन्नही तो खातो. म्हणून असमिया भाषेत तो ‘हरगिला’, म्हणजे हाडे गिळणारा. आपल्या ‘हाड’ आणि ‘गिळणे’ या शब्दांशी असलेले त्याचे नाते सहज ओळखू येते.

इंग्रजांना मात्र त्याची ताठ, मोजून पावले टाकण्याची चाल दिसली. त्यांनी त्याला लष्करातील ‘अ‍ॅडज्युटंट’ या अधिकाऱ्याचे नाव दिले. या शब्दाचे लॅटिन मूळ ‘मदत करणे’ असे आहे. 1789 साली ग्मेलिन यांनी दिलेल्या शास्त्रीय नावात ‘ड्युबियस’, म्हणजे संशयास्पद, हे पद आले. बिहारात भागलपूरकडे लोक त्यालाच ‘गरुड’ म्हणतात. पक्षी एकच; पाहणाऱ्यागणिक नाव निराळे.

एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यातील घाण हे पक्षी फस्त करीत. त्या शहराच्या जुन्या बोधचिन्हावरही ते विराजमान होते. आसामातील खेड्यांत मात्र हरगिला अशुभ ठरला. घरट्याखाली दुर्गंधी येते म्हणून लोक झाडेच तोडू लागले. घाण करणारे नामानिराळे राहिले आणि ती नाहीशी करणारा अमंगळ ठरला! हा न्याय आपल्या समाजाला उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही.

कामरूप जिल्ह्यातील दादरा-पचारिया परिसरात जीवशास्त्रज्ञ डॉ. पूर्णिमा देवी बर्मन यांनी गावातील स्त्रियांना संघटित केले. त्या स्वतःला अभिमानाने ‘हरगिला आर्मी’ म्हणवतात, मेखेला-चादरीवर हा पक्षी विणतात, त्याच्या विणीच्या हंगामात डोहाळजेवणही करतात. 2022 साली डॉ. बर्मन यांना संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ सन्मान लाभला.

नाव तेच राहिले. त्याकडे पाहणारी नजर बदलली. आमच्या वसतिगृहात येणारी कित्येक मुले इतरांनी हिणवून ठेवलेली नावे सोबत घेऊन येतात. त्या नावांचा इतिहास त्यांना समजावून देणे आणि मान ताठ ठेवून चालायला शिकवणे, हेच शिक्षकाचे काम आहे, असे आम्ही मानतो.