चॅट्सवर्थ हाउस

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील एक ऐतिहासिक प्रासाद व पर्यटनस्थळ. डेव्हनशरचे ड्यूक असलेल्या कॅव्हेंडिश घराण्याचे निवासस्थान. ते डर्वेंट नदीकाठी वसले आहे. घराण्याने ही जागा १५४९ मध्ये विकत घेतली. विद्यमान प्रासादाची उभारणी मुख्यतः १६८७–१७०७ या काळात झाली. भित्तिचित्रांनी सजविलेले दालन, ग्रंथालय व शिल्पदालन प्रेक्षणीय आहेत. परिसराची आखणी लॅन्सेलट ब्राउन याने, तर उद्यानातील कारंज्याची योजना जोसेफ पॅक्स्टनने केली. परक्यांना वास्तू दाखविण्याची येथील प्रथा जुनी असून, १८४९ मध्ये जवळच्या रोझ्लीपर्यंत रेल्वे आल्यावर सामान्य प्रेक्षकांची रीघ लागली.

दहावे ड्यूक १९५० मध्ये निधन पावले आणि मालमत्तेवर ८० टक्के मृत्युकर आकारला गेला. तो फेडण्यासाठी जमिनी विकाव्या लागल्या. काही कलाकृती व हार्डविक हॉल ही वास्तू सरकारच्या स्वाधीन करावी लागली. पूर्वी केवळ आतिथ्याचा भाग असलेले वास्तुदर्शन आता निर्वाहाचे साधन ठरले. १९८१ मध्ये स्थापन झालेला धर्मादाय न्यास वास्तूची देखभाल करतो. प्रवेशशुल्काचे उत्पन्न त्याच कामी लागते. घराणे भाडे देऊन तेथेच राहते. करभार व देखभालीचा खर्च यांमुळे विसाव्या शतकात इंग्लंडमधील असे शेकडो प्रासाद पाडले गेले; चॅट्सवर्थ टिकले, ते मुख्यतः प्रेक्षकांच्या आधारावर.