गाठीचे मूळ सांगणारा पेशीचा सांगाडा

हदगावचा रुग्ण मानेतली गाठ घेऊन नांदेडला जातो. तुकडा तपासला जातो आणि अहवालात येते : ‘कर्करोग आहे, मूळ जागा कळण्यासाठी आयएचसी तपासणी करावी.’ कर्करोग आहे हे कळले, मग पुन्हा तपासणी कशाला, असे नातेवाइकांना वाटते. पण गाठ मानेत असली तरी रोग दुसरीकडे सुरू झालेला असू शकतो आणि उपचार बहुधा मूळ जागेवरून ठरतात.

घराला खांब-वासे असतात, तसे पेशीला प्रथिनांच्या धाग्यांचे आधार असतात. त्यांपैकी केराटिन हे त्वचा आणि अवयवांच्या अस्तरातील पेशींचे प्रथिन. माणसात त्याची ५४ जनुके आहेत. ती प्रत्येक पेशीत असली, तरी चालू मोजकीच असतात. गालाच्या आतल्या अस्तरात तळाला ५ व १४ क्रमांकाची केराटिने असतात, वर ४ व १३. आतडे आणि यकृतात ८ व १८.

रोग पसरला तरी पेशी बहुधा ही खूण सोडत नाही. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत केराटिन २० दिसते, ७ दिसत नाही. स्तनाच्या कर्करोगात बहुधा उलट असते. आयएचसीत हीच प्रथिने रंगवून पाहतात.

कधी कर्करोग ही खूण बदलतोही. तोंडाच्या कर्करोगात ८ व १८ ही परकी केराटिने आढळतात. टाटा मेमोरियल केंद्राच्या खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’मध्ये डॉ. मिलिंद वैद्य यांच्या गटाने यावर काम केले. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींत केराटिन ८ घटवल्यावर त्यांची हालचाल आणि उंदरांत गाठ निर्माण करण्याची क्षमता कमी झाली, असे त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. हे संशोधन आहे. त्यावरून लगेच औषध मिळाले, असे नव्हे.

आयएचसीसाठी बहुतेक वेळा नवा तुकडा काढावा लागत नाही. पहिलाच तुकडा मेणाच्या ‘ब्लॉक’मध्ये जपलेला असतो. पुढे मुंबईला जाताना अहवालासोबत ब्लॉक आणि काचपट्ट्याही मागून न्याव्यात.

तंबाखू, गुटखा खाणाऱ्यांनी मात्र गाठ येईपर्यंत थांबू नये. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर तोंड तपासून घ्यावे.