‘द पेलिकन ब्रीफ’: टिपण एक, मारेकरी मागे

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचा खून होतो. न्यू ऑर्लिन्समधली कायद्याची विद्यार्थिनी डार्बी शॉ जुने खटले चाळत बसते आणि तिला धागा सापडतो: लुइझियानाच्या पाणथळीतलं तेल, तिथले पेलिकन पक्षी. तिचं टिपण भलत्यांच्या हाती लागतं आणि तिच्या प्राध्यापकाची गाडी स्फोटात उडते.

कादंबरी जॉन ग्रिशमची, १९९२ची. चित्रपट पुढच्याच वर्षी आला.

ज्युलिया रॉबर्ट्स आणि डेन्झेल वॉशिंग्टनसाठी प्रेक्षकांनी गर्दी केली. समीक्षकांत मात्र दुमत झालं. अभिनय वाखाणला गेला, पण जवळपास अडीच तासांची लांबी अनेकांना खटकली. शिवाय दिग्दर्शक अ‍ॅलन पाकुला यांनीच १९७६मध्ये ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ हा असाच राजकीय कारस्थान उलगडणारा चित्रपट केला होता, तेव्हा तुलना होणारच. तरी डार्बीच्या एकटेपणातली भीती त्यांनी फार नेमकी पकडली आहे.