डावा हात खिशात

'विक्रम' चिपचा फोटो एव्हाना सगळ्यांच्या फोनवरून फिरून झाला आहे. २ सप्टेंबर २०२५ ला दिल्लीच्या 'सेमिकॉन इंडिया'त ती पंतप्रधानांच्या हाती आली आणि त्या रात्री आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर इतके झेंडे फडकले की पाणीकपातीचा निरोप त्यात वाहून गेला. नवी मुंबईला हा ताप तसा आधीच चढला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तळोज्यातल्या ८३,९४७ कोटींच्या चिप कारखान्याला राज्य सरकारने हिरवा कंदील दाखवला, त्याच महिन्यात महाप्याला चिप पॅकेजिंगच्या प्रकल्पाची फीत कापली गेली. तळोज्याचं घोडं पुढे अडल्याच्या बातम्या आल्या. पण जागेच्या दलालांच्या तोंडचा 'चिप हब' काही उतरलेला नाही.

माझी सहावीतली मुलगी 'विक्रम'चा फोटो बघून म्हणाली, "यात बघायचं काय? एवढासा चौकोन तर आहे."

मुद्दा बिनतोड होता. म्हणून रविवारी तिला घेऊन कोपरखैरण्याला मामांकडे गेलो.

दीड खोलीतलं संग्रहालय

मामांचं उभं आयुष्य ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत टेस्टिंगच्या टेबलाशी गेलं. आता वय ७८. सिडकोच्या घरातली आतली खोली मामींनी कधीच त्यांच्या नावावर सोडून दिली आहे. मांडणीवर रेडिओ, स्पूल टेप, गोदरेजच्या कपाटाएवढा वाटावा असा जाडजूड टीव्ही, आणि श्रीखंडाच्या डब्यांत जात लावून ठेवलेले सुटे भाग. संग्रहालय म्हणा की अडगळ म्हणा. मामी दुसरा शब्द वापरतात. पण मी पाहिलेल्या बऱ्याच संग्रहालयांत नसलेली एक गोष्ट इथे आहे. इथली प्रत्येक वस्तू चालते, आणि तिला हात लावायचा असतो.

त्यालाही शिस्त आहे. रेडिओची मागची पुठ्ठ्याची पाठ उघडायच्या आधीच मामा म्हणाले, "डावा हात खिशात घाल."

"का, मामाआजोबा?"

"करंट एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून निघाला, तर वाटेत काय लागतं?"

तिने छातीवर हात ठेवला आणि मग निमूटपणे तोच हात खिशात घातला. व्हॉल्व्हच्या जमान्यातल्या मेकॅनिकांची ही बाराखडी. त्या सेटमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट डीसी खेळत असायचे आणि बटण बंद केल्यावरही मोठा कंडेन्सर काही वेळ दात धरून बसायचा. त्यात आपल्याकडचे बरेच सेट एसी-डीसी, कारण कलकत्त्यासारख्या शहरांतल्या काही भागांत घरगुती वीजच डीसी होती. असल्या सेटला मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नाही; विजेची एक वायर थेट पत्र्याच्या चॅसीला. म्हणून नॉबच्या बारीक स्क्रूवर कंपनी मेण भरून देई, गिऱ्हाइकाचं बोट चुकूनही लागू नये यासाठी. मामांनी ते मेण आम्हाला नखाने चाचपू दिलं. स्वतः मात्र मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकल्याशिवाय ते सेट लावत नाहीत.

बटण फिरवलं. काहीच नाही. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मग काचेच्या नळ्यांच्या पोटात एकेक तांबूस तार उजळत गेली आणि अर्ध्या मिनिटाने खरखर ऐकू आली. नळ्यांवरची अक्षरं मामा कुंडलीसारखी वाचतात. यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूएल ८४, यूवाय ८५. पहिला 'यू' म्हणजे १०० मिलिअँपिअरचं फिलामेंट, सगळी एका माळेत जोडायची. दिवाळीच्या तोरणासारखी, एक गेलं की सगळी गेली. 'एल' म्हणजे स्पीकरला ढकलणारा पैलवान.

बोट आणि उघाडी

व्हॉल्व्ह काय करतो हे पुस्तकात चार पानं लिहून सांगतात. मामांनी ते एका स्क्रूड्रायव्हरने सांगितलं.

"बोट पात्याला लाव. आता पात्याचं टोक व्हॉल्यूमच्या या मधल्या पायाला."

घुर्रर्र! स्पीकर असा गरजला की पोरीने हात मागे घेतला. मग पुन्हा लावला. पुन्हा घुर्रर्र. पाचव्यांदा मी थांबवलं.

ती घुरघुर आली कुठून? घरातल्या भिंतींत ५० हर्ट्झची वीज सतत फिरत असते. आपलं शरीर ती नकळत टिपतं, अगदी नगण्य व्होल्टेजने. ते नगण्य व्होल्टेज व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पोचलं की त्याची खोलीभर गर्जना होते. "म्हणजे मी एरियल?" मुलीने विचारलं. मामा म्हणाले, "तू एरियल, आणि या भिंती तुझं स्टेशन."

ग्रिड म्हणजे काय, तर उघाडी. कोपरखैरणे, घणसोली, गोठिवली इथल्या जुन्या आगरी माणसांना ती सांगावी लागणार नाही. खारजमिनीच्या बांधाला लाकडी झडप असायची. ती हलवायला एक माणूस पुरे, पण तिच्यामुळे अख्ख्या खाडीचं पाणी आत येई किंवा अडे. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडकडून प्लेटकडे इलेक्ट्रॉनांची भरती चाललेली असते आणि मधली तारेची जाळी तिच्यावर झडप धरून बसते. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्टने ही जाळी घातली आणि इलेक्ट्रॉनिक्सचं युग सुरू झालं. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅबमध्ये तीच उघाडी जर्मेनियमच्या तुकड्यावर बसवली, तिचं नाव ट्रान्झिस्टर. ना काच, ना तापायची वाट. पुढे झाल्या त्या उघाड्याच, फक्त लहान लहान होत गेलेल्या.

किती लहान? याचा हिशेब आपल्याच घरात आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने देशी बनावटीचा पहिला डिजिटल संगणक हाताने जुळवला. प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये चाललं, पूर्ण यंत्र १९६० मध्ये, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफरॅक' हे नाव दिलं. त्यात २,७०० व्हॉल्व्ह होते. रॅक १८ फूट लांब, ८ फूट उंच. स्मृती म्हणजे तारांत ओवलेल्या चुंबकीय कड्या: २,०४८ शब्द, प्रत्येकी ४० बिट, आजच्या मापात १० किलोबाइट. व्हॉट्सॲपवरचा 'शुभ सकाळ'चा एक गुलाबही त्यात मावला नसता. आणि १९७१ मध्ये इंटेलचा ४००४ आला, त्यावर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर. अकरा वर्षांत १८ फुटांच्या रॅकमधल्या उघाड्या करंगळीच्या नखावर आल्या. मोहालीला बनलेला 'विक्रम' १८० नॅनोमीटर तंत्राचा आहे, म्हणजे केसाच्या जाडीचा चारशेवा भाग. जगाच्या स्पर्धेत हे तंत्र जुनं. पण अवकाशयानात वेगापेक्षा भरवसा लागतो, तिथे ते चालतं.

हे आकडे मी मुलीला आधीही सांगितले होते. तेव्हा तिने जांभई दिली होती. घुर्रर्र ऐकल्यावर मात्र तिने विचारलं, "मग चिपमध्ये बोट कुठे लावायचं?"

कुठेच नाही. खरी अडचण तीच आहे.

काचेआडचा रेडिओ

इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासात साठ-सत्तर वर्षांचा एकच तुकडा असा आहे की ज्यात यंत्राचं काम डोळ्यांना दिसतं आणि बोटाला कळतं. तो तुकडा आता सोसायटीच्या आवारात उभ्या राहणाऱ्या ई-कचऱ्याच्या टेम्पोत चढतो आहे. टेम्पोवाल्याचा दोष नाही. शिसं आणि पारा कचराकुंडीत जाण्यापेक्षा ते बरंच. पण त्या ढिगात काय आहे हे बघणारा जाणकार तिथे उभा नसतो.

आणि हे घडतंय कुठे, तर नवी मुंबईत. महाप्याच्या एमआयडीसीतल्या एका भागाचं नावच 'इलेक्ट्रॉनिक झोन', तिथल्या प्लॉटांचे नंबरही 'ईएल'ने सुरू होतात. तिथली नेल्को घ्या. आज ती उपग्रहावरून व्हीसॅट सेवा देते. १९४० मध्ये जन्मली तेव्हा तिचं नाव होतं नॅशनल एको रेडिओ अँड इंजिनिअरिंग कंपनी. दिवाणखान्यातल्या रेडिओपासून उपग्रहापर्यंतचा अख्खा प्रवास एका पाटीमागे आहे. खारघर स्थानकासमोर सी-डॅकचं केंद्र आहे; त्याची वंशावळ एनसीएसटीमार्गे थेट टिफरॅकच्या संस्थेला भिडते. या शहराला इतिहास नाही, असं आपण उगाच म्हणतो. इतिहास आहे, तो मांडायला कुणी टेबल दिलेलं नाही.

नेरुळला वंडर्स पार्कजवळ महापालिकेने विज्ञान केंद्र उभारायला घेतलं आहे. चांगली गोष्ट आहे. धास्ती एवढीच की तिथेही भिंतभर टचस्क्रीन लागतील. स्क्रीनला हात लावणं म्हणजे यंत्राला हात लावणं नव्हे. ते काम मुलं घरी दिवसभर करतातच. १९८५ मध्ये वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र सुरू झालं तेव्हा 'ओढा, फिरवा, बघा' ही रीत मुंबईच्या मुलांना नवी होती, आणि तिथे दांडा फिरवलेली पिढी आजही ती आठवण काढते. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कच्या आवारातल्या संगणक संग्रहालयाने १९५१ चा हार्वेल डेकाट्रॉन दुरुस्त करून २०१२ मध्ये पुन्हा सुरू केला. यंत्र कमालीचं मंद आहे. म्हणूनच त्याचे लुकलुकणारे दिवे आकडा कसा मोजतात, हे शाळकरी पोर उभ्या उभ्या बघू शकतं.

तिथे यंत्राइतकीच ते चालू ठेवणारी माणसं महत्त्वाची आहेत. आपण नेमकं हेच विसरतो. काचेआड ठेवलेला रेडिओ म्हणजे लाकडी खोकं. त्याला रोज अर्धा तास गरम करणारा, फुगलेला कंडेन्सर ओळखणारा, डायलचा दोरा पुन्हा ओवणारा माणूस हवा. माझं ऐकणार असाल तर नेरुळच्या केंद्राने वास्तुविशारदाआधी दोन निवृत्त मेकॅनिक नेमावेत, आणि त्यांच्या हाताखाली आयटीआयची चार मुलं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात असे हात अजून सापडतील. फार वर्षं नाही सापडणार.

निघताना मामांना विचारलं, "हे सगळं पुढे कुणाला द्यायचं?" त्यांनी उत्तर दिलं नाही. एक यूवाय ८५ कुठे मिळतो का बघ, एवढंच म्हणाले; लावलेला व्हॉल्व्ह थकत आलाय आणि डब्यात दुसरा शिल्लक नाही.

मुलगी चपला घालता घालता पुन्हा आत पळाली. संग्रहालय म्हटलं की पाटी हवीच, असं तिचं म्हणणं. मामींकडून वहीचा कागद घेऊन तिने स्केचपेनने पाटी लिहिली आणि खोलीच्या दारावर चिकटवली:

'कृपया हात लावावा. एकच.'