जवस, मेण आणि खरवडलेला रंग

विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत रब्बीच्या हंगामात निळ्या फुलांनी डवरणारे जवस आणि पोळ्यातला मध काढून घेतल्यावर मागे उरणारे मेण, या दोन जिनसांचा आपल्या घरगुती व्यवहारात परस्परांशी फारसा संबंध येत नाही. एकाची चटणी होते, दुसऱ्याचे मलम. परंतु गेल्या काही दशकांत, विशेषेकरून अमेरिकेत आणि युरोपात, अमूर्त चित्रे काढणाऱ्या अनेकांनी या दोहोंची सोयरीक जुळवून एक स्वतंत्र चित्रपद्धती रूढ केली आहे. तैलरंगात, म्हणजे जवसाच्या तेलात खललेल्या रंगद्रव्यात, द्रावकाने मऊ केलेले मेण कधी एकतृतीयांश, कधी समभाग कालवायचे, तो लेप ब्रशाऐवजी पॅलेट नाइफने, रोलरने किंवा रबरी पट्टीने लाकडी फळीवर पसरायचा, आणि मग थरावर थर चढवीत, खरवडीत, पुसत, कोरत चित्र घडवायचे, अशी ही रीत आहे. तिला ‘कोल्ड वॅक्स’ म्हणतात. आपण शीतमेण म्हणू. कलादालनांतून या चित्रांची वाखाणणी ‘गूढ’, ‘धूसर’, ‘खोल’ अशा विशेषणांनी होते. ती विशेषणे खोटी नव्हेत. पण या चित्रांचे रूप चित्रकाराच्या मनोवृत्तीइतकेच एका भौतिक विसंगतीने ठरते, असे माझे मत आहे. एकाच थरात येथे दोन पदार्थ नांदतात, आणि त्यांची घट्ट होण्याची तऱ्हा परस्परांच्या अगदी उलट असते.

प्रथम तेलाचा विचार करू. जलरंग वाळतो तो पाणी उडून गेल्यामुळे. तैलरंगाचे तसे नाही. जवसाच्या तेलातून उडून जाण्याजोगे जवळजवळ काहीच नसते. उलट ते हवेतील प्राणवायू शोषून घेते, आणि प्रारंभीच्या काळात त्याचे वजन घटण्याऐवजी वाढते. या तेलातील मेदाम्लांपैकी निम्म्याच्या आसपास वाटा लिनोलेनिक आम्लाचा असतो, आणि त्याच्या प्रत्येक साखळीत तीन ठिकाणी कार्बनचे दुहेरी बंध असतात. या बंधांच्या शेजारीच प्राणवायू घुसतो, तेथे शेजारचे रेणू एकमेकांना जोडले जातात, आणि होता होता सगळा थर एका अखंड जाळ्यात रूपांतरित होतो. शेंगदाण्याच्या तेलात हे आम्ल जवळजवळ नसते, म्हणून त्यात रंग खलून चित्र काढले तर ते कधीच वाळणार नाही. जवसाचे तेल स्पर्शाला कोरडे लागण्यास काही दिवस लागतात, आतून पुरते पक्के होण्यास महिने, क्वचित वर्षेही. आणि एकदा हे जाळे विणले गेले, की ज्या टर्पेंटाइनमध्ये ओला रंग सहज विरघळत होता त्यालाही ते पुन्हा दाद देत नाही. ही वाट एकेरी आहे.

मेदांची रासायनिक घटना जगाला प्रथम नीट उलगडून दाखविणारा फ्रेंच शास्त्रज्ञ मिशेल शेव्हरूल याचा त्या विषयावरील ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. पुढे हाच गृहस्थ पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख झाला, आणि शेजारी ठेवलेले दोन रंग डोळ्यांना एकमेकांचे रूप कसे बदलून दाखवितात याचा नियम त्याने १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. चित्रकाराच्या डब्यातील तेल आणि चित्रकाराच्या डोळ्यातील रंग, दोन्हींचा हिशेब एकाच माणसाने लिहावा, ही शास्त्राच्या इतिहासातील एक रम्य घटना म्हटली पाहिजे.

जाता जाता एक ताकीद. प्राणवायूशी होणाऱ्या या संयोगात उष्णता बाहेर पडते. फळीवरच्या पातळ थरात ती हवेत निघून जाते. परंतु जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात ढीग घातला, तर ती आतल्या आत कोंडते, तिच्या योगाने संयोगाचा वेग आणखी वाढतो, आणि ठिणगीवाचून त्या ढिगाला आग लागू शकते. चित्रशाळांना अशा आगी लागलेल्या आहेत. चिंध्या एकेक पसरून वाळवाव्यात, नाही तर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात.

आता मेणाकडे वळू. कामकरी माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या या पदार्थात लांबलचक साखळ्यांची आम्ले आणि तितक्याच लांब साखळ्यांची अल्कोहोले यांच्या संयोगाने झालेली एस्टरे मुख्यत्वे असतात, आणि त्यांच्या जोडीला काही हायड्रोकार्बने व मोकळी मेदाम्ले. प्राणवायूला शिरकाव करण्यास लागणारे दुहेरी बंध येथे नाममात्र; त्यामुळे मेण हवेत शतकानुशतके जवळजवळ जसेच्या तसे राहते. ते घट्ट होते ते केवळ रेणू ओळीने रचले जाऊन त्यांचे सूक्ष्म स्फटिक बनल्यामुळे. पौषात बाटलीत थिजलेले खोबरेल उन्हात ठेवताच जसे पूर्ववत होते, तसे मेणही सुमारे ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला पुन्हा वितळते, आणि कितीही वेळा वितळविले तरी मुळात तेच राहते. तेलाची वाट एकेरी, तर मेणाची दुहेरी.

मेणाच्या या चिरस्थायी स्वभावाची साक्ष इजिप्तमधील फय्यूम प्रांतातून मिळालेली मृतांची व्यक्तिचित्रे देतात. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत लाकडी फळ्यांवर रंगविलेल्या आणि ममीच्या चेहऱ्यावर बसविलेल्या या चित्रांपैकी कित्येक मेणात कालवलेल्या रंगांनी काढलेली आहेत, आणि त्यांच्या गालांवरची लाली अद्याप उतरलेली नाही. रोमन लेखक प्लिनी याने या कलेची माहिती लिहून ठेवली आहे. परंतु गरम मेणाचा चित्रकार सदैव शेगडीचा ताबेदार असतो: रंग वितळवून ठेवायचा, तो हातात असतानाच थिजू लागतो, आणि प्रत्येक नवा थर खालच्याशी एकजीव व्हावा म्हणून पुन्हा उष्णता द्यावी लागते. विसाव्या शतकात जॅस्पर जॉन्स या अमेरिकन चित्रकाराने १९५४-५५ मध्ये केलेल्या आपल्या विख्यात ध्वजचित्रासाठी गरम मेण पत्करले ते नेमक्या या झटपट थिजण्यासाठी; रंग वाळण्याची वाट पाहणे त्याला मानवले नाही.

शीतमेणात शेगडीची जागा द्रावक घेतो. पेट्रोलियमपासून काढलेल्या मंदगंधी स्पिरिटचे रेणू मेणाच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांची रचना सैल करतात, आणि बोटाने उचलता येईल असा फिकट पांढरा लेप तयार होतो. काही कारखानदार त्यात थोडी राळ घालतात: गॅम्ब्लिनच्या डब्यात अल्किड, डॉरलँडच्या डब्यात डामर. द्रावक ज्वालाग्राही असल्यामुळे हा डबा शेगडीजवळही नेऊ नये, आणि काम खिडक्या उघड्या ठेवून करावे.

हा लेप तैलरंगात मिसळला, की खरा प्रकार सुरू होतो. मेणाचे सूक्ष्म स्फटिक एकमेकांना टेकून तेलात एक विरळ चौकट उभी करतात आणि तेल तिच्या पोकळ्यांत अडकून राहते. म्हणून हा रंग स्वतःच्या वजनाने ओघळत नाही. नाइफचा दाब पडला की चौकट मोडून तो लोण्याइतक्या सहजतेने पसरतो, आणि दाब निघताच जागच्या जागी उभा राहतो, त्यामुळे धारेचा प्रत्येक ओरखडा जसाच्या तसा नोंदला जातो. पुढे दिवसभरात पातळ थरातील द्रावक बराचसा उडून जातो आणि मेण आवळू लागते. परंतु तेलाची प्राणवायूशी चाललेली कामगिरी नुकतीच सुरू झालेली असते. म्हणजे थर वरून बसलेला, आतून अद्याप कच्चा, अशी एक मधली अवस्था येते आणि ती काही दिवस टिकते. या मुदतीत त्यावर नवा रंग चढविला तर चिखल होत नाही, आणि धारदार पातीने किंवा द्रावकात बुडविलेल्या फडक्याने खालचा रंग उघडा करायचा तर तीही मुभा असते. नुसत्या तैलरंगाने हे साधायचे म्हटले तर ओल्यावर ओले घोळले जाते, आणि पुरते वाळल्यावर खरवडायला जावे तर रंग ढलपीने सुटतो. शीतमेणाची सारी किमया, माझ्या समजुतीप्रमाणे, या मधल्या मुदतीत आहे.

त्या ‘धूसर’पणाचेही कारण सांगता येते. नुसते तेल वाळले की त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो व प्रकाश आरशाप्रमाणे एकाच दिशेला परावर्तित करतो. मेणाच्या स्फटिकांनी खडबडीत झालेला पृष्ठभाग तोच प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून चकाकी जाऊन मखमली मंदपणा येतो. पूर्ण बसलेल्या थरावर मऊ कापड घासले तर खडबड दबून थोडी झळाळी परत येते, यावरून हा मामला पृष्ठभागाचाच आहे हे कोणीही पडताळून पाहू शकतो. खोली मात्र आतून येते. मेण मिसळल्याने रंगद्रव्य विरळ होते. मेणाचा अपवर्तनांक सुमारे १.४४ आणि जवसाच्या तेलाचा सुमारे १.४८, म्हणजे दोन्ही इतके जवळ, की त्यांच्या सीमेवर प्रकाश फारसा अडखळत नाही. तो विरळ कणांमधून खाली उतरतो, तळच्या थरावर आपटतो, आणि वाटेतल्या सगळ्या रंगांची छाननी सोसून डोळ्यांपर्यंत परततो. टिटॅनियमच्या पांढऱ्याचा अपवर्तनांक २.७ च्या घरात असल्यामुळे त्याने भरलेला थर मेण घालूनही बराच अपारदर्शक राहतो. निळ्या अल्ट्रामरीनचा तेलाच्या अंकाशी मिळताजुळता असल्यामुळे तो काचेसारखा होतो. अनुभवी चित्रकाराला हे आकडे ठाऊक नसतील, पण कोणता रंग तळाशी घालावा आणि कोणता वर, हे त्याचा हात या आकड्यांबरहुकूमच ठरवितो.

थर चढविणे आणि काढून घेणे ही कल्पना मराठी रसिकाला परकी वाटू नये. १९२४ साली नागपुरात जन्मलेले, १९४८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका घेतलेले वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून तैलरंगाचे थर देत, काढून घेत, पुन्हा देत, आणि त्या मंद उलाढालीतून त्यांचे प्रकाशमान पडदे सिद्ध होत. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ साली त्यांचे मोठे प्रदर्शन भरविले, तेव्हा त्याच्या शीर्षकातच चित्रणाच्या प्रक्रियेचा उल्लेख होता. गायतोंड्यांना शीतमेणाचे पूर्वसूरी ठरविण्याचा माझा हेतू नाही. परंतु मेणाने आज जे सुलभ केले ते त्यांनी तैलरंगाशी धीर धरून मिळविले होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

कारण सुलभता हाच या माध्यमावरचा मोठा आक्षेप आहे, आणि तो पुष्कळ अंशी खरा आहे. रोलर फिरविला, वाळू किंवा राख दाबली, पातीने ओढले, की नवशिक्याच्या फळीवरही जुन्या भिंतीसारखे किंवा खडकाच्या पापुद्र्यासारखे काहीतरी सुंदर उमटते. हे सौंदर्य पदार्थाने दिलेले असते, चित्रकाराने कमावलेले नव्हे. अशा आयत्या सौंदर्याची शेकडो चित्रे आज निर्माण होत आहेत आणि ती एकमेकांपासून ओळखणे कठीण आहे. चांगला चित्रकार कोणता, तर जो असा सुंदर अपघात हाती आल्यावरही, तो चित्राच्या एकंदर रचनेत बसत नसेल तर, मन घट्ट करून त्यावर रंगाचा थर ओढतो. रेबेका क्रोवेल आणि जेरी मॅक्लॉलिन यांनी २०१७ साली या माध्यमावर विस्तृत ग्रंथ लिहिला, त्यात तंत्राबरोबर कल्पनांचा विचार केला आहे, तो योग्यच आहे. तंत्र येथे फार लवकर साध्य होते.

टिकाऊपणाचा प्रश्न उरतो. अठराव्या शतकातील इंग्रज चित्रकार सर जोशुआ रेनॉल्ड्स याने तेल, राळ आणि मेण यांचे नाना प्रयोग केले, आणि त्याची कित्येक चित्रे तडकली, काहींची तर त्याच्या हयातीतच दुर्दशा झाली. दोष एकट्या मेणाचा नव्हता. निरनिराळ्या गतीने आवळणारे थर बेहिशेबी एकमेकांवर घातल्याचा होता. पण धडा लागू पडतो. मेणाचा अंश फार झाला तर तेलाचे जाळे तुटक राहते आणि थर ठिसूळ होतो. म्हणून मेण जास्त असेल तेव्हा हलणारा ताणलेला कॅनव्हास सोडून ताठ फळी घ्यावी, हा शिरस्ता आहे. मेण तिशी-चाळिशीच्या अंशांतच मऊ पडू लागते. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो हे लक्षात घेता, अशी चित्रे उन्हाच्या भिंतीवर टांगू नयेत, बंद मोटारीत ठेवू नयेत, आणि तोंडाला तोंड लावून रचू नयेत. नेहमीचे द्रावकयुक्त व्हार्निश फासले तर ते पृष्ठभागाचे मेणच विरघळवील.

यासाठी या माध्यमात काम करणाऱ्या आपल्याकडील चित्रकारांना एक विनंती आहे. तेल पक्के झाल्यावर टर्पेंटाइनला दाद देत नाही, मेण मात्र शंभर वर्षांनीही देते, आणि पुढे केव्हातरी जुने मळके चित्र स्वच्छ करायला बसलेल्या संग्रहालयातील कारागिराला हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही. तो तैलचित्र समजून द्रावकाचा बोळा फिरवील आणि वरचा थर बोळ्याबरोबर निघून येईल. तेव्हा सही आणि साल लिहिताना फळीच्या पाठीमागे आणखी एक ओळ लिहावी: तैलरंग व मेण, मेणाचे प्रमाण अमुक, माध्यम अमुक कारखान्याचे.