उल्हासनगरचा निर्वासित लेखक : मोहन कल्पना

सिंधी माणूस म्हणजे व्यापारी, ही समजूत किती अपुरी आहे हे मोहन कल्पना यांच्याकडे पाहिलं की कळतं. जन्म १९३०, कोटरी. सिंधूच्या काठचं, हैदराबादच्या समोरचं गाव. फाळणीत हे गाव सुटलं तेव्हा ते विशीतही नव्हते.

कल्याणजवळच्या महायुद्धकालीन लष्करी छावणीत हजारो सिंधी कुटुंबं उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचं उल्हासनगर झालं. पापड, मिठाई, कापड, फर्निचर... मिळेल तो धंदा करत माणसं उभी राहिली. कालचे जमीनदार आणि शिक्षकही दुकानात बसले. त्याच वस्तीत मोहन कल्पना सिंधीत कथा-कादंबऱ्या लिहीत राहिले. मुलुख गेला तो गेलाच, पण अरबी वळणाची सिंधी लिपी वाचणारी पिढीही विरळ होत गेली. लेखकाच्या वाट्याला याहून कठोर निर्वासितपण कोणतं? स्वतःचं राज्य नसलेल्या या भाषेला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली ती १९६७ मध्ये.

‘उहा शाम’ या कादंबरीसाठी त्यांना १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९९२ मध्ये ते गेले. ‘बुख, इश्क ऐं अदब’ ही त्यांची आत्मकथा. कल्याण-बदलापूर पट्ट्यातल्या मराठी वाचकांनी आपल्या या शेजाऱ्याला आता तरी वाचावं.