विळी आणि व्हीआय

आमच्या घरातली विळी आजीच्या लग्नातली. पाते दोनदा बदलले, पाट तोच. संगणकावर लिहायला मी गेली पंचवीस वर्षे ‘व्हीआय’ हा टेक्स्ट एडिटर वापरतो. ही दोन साधने इतकी का टिकली, याचा विचार करताना मला त्यांच्यात बरेच साम्य आढळले.

बिल जॉय यांनी १९७६च्या सुमारास बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात व्हीआय लिहिला. ते ३०० बॉडच्या मोडेमवरून काम करत. त्यातून सेकंदाला जेमतेम ३० अक्षरे येत. ८० अक्षरांच्या २४ ओळींचा पडदा भरायला मिनिटाहून अधिक वेळ लागे. साहजिकच आज्ञा एक-दोन अक्षरांच्या झाल्या. त्यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाणांच्या चिन्हांसाठी वेगळ्या कळा नव्हत्या. ती चिन्हे एच, जे, के, एल या कळांवरच छापलेली होती. आजही व्हीआयमध्ये त्याच कळांनी कर्सर हलतो.

विळी एकच, पण पात्यावर भाजी चिरते आणि टोकाच्या खोवणीवर नारळ खोवला जातो. व्हीआयमध्येही लेखनाच्या अवस्थेत ‘एक्स’ दाबला की ते अक्षर उमटते. आज्ञेच्या अवस्थेत तीच कळ कर्सरखालचे अक्षर खोडते. ‘डी’ म्हणजे खोडणे, ‘डब्ल्यू’ म्हणजे शब्द; दोन्ही लागोपाठ दाबले की शब्द जातो. नवख्याचे बोट दोन्हीकडे कापते. मला तर पहिल्या दिवशी त्यातून बाहेरही पडता येईना. पण एकदा हाताला वळण लागले की नजर मजकुरावरच राहते.

मात्र नुसत्या सवयीवर साधन टिकत नाही. त्याला धार लावणारा लागतो. नेदरलँड्सच्या ब्राम मूलेनार यांनी १९९१मध्ये ‘विम’ ही व्हीआयची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली आणि तीस वर्षांहून अधिक काळ तिची निगा राखली. ऑगस्ट २०२३मध्ये ते गेले, तेव्हा मला खरोखर काळजी वाटली. पण जानेवारी २०२४मध्ये सहकाऱ्यांनी ९.१ ही आवृत्ती काढून त्यांना अर्पण केली.

विळीच्या नशिबी ते नव्हते. आईचे गुडघे गेले, गल्लीत येणारा धारवाला यायचा बंद झाला आणि विळी माळ्यावर गेली. पाट अजून शाबूत आहे. दिवाळीच्या आवराआवरीत ती खाली काढली आहे. आता धार लावणारा शोधतो आहे.